सोनलच्या आठवीसाठी राहनाळमध्ये बारा दिवस

बार्शीला परत येऊन आठवडा झाला. जो भेटतो तो विचारतो, भिवंडीत बघण्यासारखं काय आहे? मी एक पोलीस ठाणं, दोन शाळा, दोन गोदामं आणि एक झेरॉक्सचं दुकान पाहिलं. झेरॉक्सच्या दुकानात इतक्यांदा गेले की तिसऱ्या दिवसापासून तो माणूस मला पाहून न सांगता खुर्ची पुढे करायचा. बाकी भिवंडी मला खड्ड्यांतून उसळत असताना जेवढी दिसली तेवढी दिसली.

गेले होते चार दिवसांसाठी. सुनंदाचा फोन आला तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सुनंदा माझी वसतिगृहातली मैत्रीण, लग्न होऊन राहनाळला गेली ती तिथलीच झाली. ती म्हणाली, आमच्या दिरांच्या चाळीत एक कुटुंब आलंय. पाकिस्तानातून आलंय, सिंधमधून. नवरा, बायको आणि तेरा वर्षांची मुलगी. त्यांच्याकडे पिशवीभर कागद आहेत आणि एकही कागद कुणाला कळत नाही. तू आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात फॉर्मच भरलेस, चार दिवस ये.

मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. फॉर्म म्हटलं की माझी कळी खुलते, हा माझा दोष आहे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघाले.

राहनाळ

कल्याणहून रिक्षाने निघाले तेव्हा वाटलं होतं, राहनाळ हे गाव असेल. गाव आहेच, पण ते शोधावं लागतं. गोदामांच्या पत्र्यांच्या रांगेत मध्येच एक देऊळ येतं, एक तळं, कापून ठेवलेल्या भाताचा एक तुकडा, आणि पुन्हा पत्रे. रस्त्यावर कंटेनर असे उभे असतात की माणसाने त्यांना वळसा घालून घरी जायचं. सुनंदाला त्याचं काही वाटत नाही.

चाळीतल्या शेवटच्या खोलीत ते तिघे होते. प्रेमजी चाळिशीचा, उंच, काल्हेरच्या गोदामात माल चढवायच्या कामाला. बायको हीरां, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आणि मुलगी सोनल, जी माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत होती. थरच्या वाळवंटाकडचे हिंदू लोक. आधी काही महिने जोधपूरजवळच्या वस्तीत काढले, मग ओळखीतल्या कुणीतरी इथलं काम सांगितलं म्हणून आले. त्यांची हिंदी मला समजत होती, माझी हिंदी त्यांना समजेना. सुनंदाने माझ्या हिंदीचं हिंदीत भाषांतर केलं.

स्वागत म्हणून सुनंदाने आदल्या दिवशी त्यांना डबाभर सुकट दिलं होतं, कांदा घालून परतलेलं. समुद्राच्या बाजूची माणसं ज्याला माया म्हणतात ते हेच. हीरांने आयुष्यात सुकी कोळंबी पाहिली नव्हती. तिला वाटलं, काहीतरी खराब झालंय पण बाईंना कळलेलं नाही. सांगायचं कसं, म्हणून तिने डबा झाकून मागच्या झाडाखाली ठेवला. सकाळी चाळीतली सगळी मांजरं तिथे आणि रिकामा डबा सुनंदाच्या हातात. सुनंदा दोन दिवस धुसफुसत होती. मला मात्र त्या घरात पहिल्याच संध्याकाळी हातावर थापलेली बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वरून तुपाची धार मिळाली. आमच्या बार्शीकडची भाकरी जरा पातळ असते, एवढाच फरक. भिवंडीत येऊन घरचं जेवण मिळालं ते सिंधमधल्या माणसांच्या हातचं, हे मी सुनंदाला सांगितलं नाही. ती आधीच रागावलेली होती.

मग पिशवी उघडली. पासपोर्ट, व्हिसाच्या पावत्या, जोधपूरची नोंद. नोंद जोधपूरची आणि माणसं राहनाळला. जागा बदलली की पोलिसांना कळवायचं असतं. कळवायला राहत्या जागेचा करार लागतो, आणि कराराला घरमालकाची सही. घरमालक म्हणजे सुनंदाचे दीर हरेश्वर, समोरच राहणारे. म्हटलं, हे तर अर्ध्या तासाचं काम आहे.

हरेश्वरभाऊंनी त्या कुटुंबाला तांदूळ दिला होता, कपाट दिलं होतं, पाण्याचं पिंप दिलं होतं. सही म्हटल्यावर ते खुर्चीत मागे सरकले.

"रव्हू दे त्यांना, माझा काय म्हनना न्हाय," ते म्हणाले. "पन कागदावर सही मांगू नको, बाय."

मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलेलं कारण असं, की एकदा सही केली की पोलीस दारात येणार, आणि दारात पोलीस आले की गाव विचारणार. मी समजावलं की सही नाही केली तर पोलीस नक्की येतील. ते म्हणाले, बघू. मी पुन्हा समजावलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. असे तीन चहा झाले.

शाळेतही तेच. गावातली मराठी शाळा आठवीपर्यंत, मुख्याध्यापक साधे, भले. सोनल तिकडे सातवी पास होऊन आली होती. त्यांनी तिला एक वाचनपाठ दिला. तिने पुस्तक हातात घेतलं, उलटीकडून उघडलं, मग सरळ केलं आणि बसून राहिली. तिला देवनागरीतलं एक अक्षर येत नव्हतं. तिकडे सिंधी आणि उर्दू, दोन्ही उजवीकडून डावीकडे. गणित मात्र तिने फळ्यावर असं सोडवलं की मुख्याध्यापकांनी खडू खाली ठेवला. बाजूला तिने स्पष्टीकरण लिहिलं होतं, ते आम्हा कुणाला वाचता येईना.

मी नियम सांगितला. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो.

"नाव आठवीतच राहील, मॅडम," ते म्हणाले. "पण बसवू कुठे? वाचता येईपर्यंत तिसरीत बसू दे."

सोनल मुख्याध्यापकांच्या खांद्याएवढी उंच. तिसरीचा वर्ग शेजारीच भरला होता, बाकं गुडघ्याएवढी. तिने दारातून आत पाहिलं. परत येताना ती आमच्या पुढे दहा पावलं चालत होती आणि तो सगळा दिवस कुणाशी बोलली नाही.

काल्हेर, वडपे, पुन्हा काल्हेर

पोलिसांच्या अर्जाला प्रेमजीच्या कामाचं पत्रही लागत होतं. तिसऱ्या दिवशी मी ते आणायला काल्हेरला गेले. गोदामाचा सुपरवायझर म्हणाला, प्रेमजीला आज वडपेच्या गोदामात पाठवलंय, पत्र तिथून मिळेल. वडपे म्हणजे नाशिक हायवेवर, दुसऱ्या टोकाला. तिथे पोचायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बार्शीहून सोलापूरला जाऊन परत येता येतं. वडपेच्या गेटवरच्या माणसाने सांगितलं, पत्र काल्हेरला मिळतं आणि प्रेमजी आता टेम्पोबरोबर काल्हेरला निघाला.

मी गेटसमोरच्या टपरीवर बसले आणि वडापाव खाल्ला. टपरीवाली बाई तिथल्याच जमीनवाल्यांच्या घरातली होती. ही गोदामं उभी आहेत तिथे आमची वरी-नाचणी व्हायची, म्हणाली. मी पाकिस्तानातल्या माणसासाठी फिरतेय हे ऐकून तिने मला नीट निरखलं, आणि मग विचारलं, "तुमचा कोन लागतो तो?" मी म्हटलं, कुणी नाही. तिला ते पटलं नाही. खरं तर त्या क्षणी मलाही पटलं नाही.

संध्याकाळी काल्हेरला पत्र मिळालं. त्यात प्रेमजीचं नाव प्रेमसिंग झालं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला चौथ्या दिवशी सकाळी परत गेले.

भिवंडी शहर

त्याच दुपारी सोनलचे फोटो काढायला तिला घेऊन भिवंडी शहरात गेले. रिक्षा लूमच्या गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंनी खटाखट आवाज, कापसाचा भुगा हवेत, एका शिफ्टची माणसं बाहेर येतायत, दुसरीची आत जातायत. आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने अचानक बोलायला सुरुवात केली.

ती पाट्या वाचत होती. शिवणकामाचं दुकान. दवाखाना, वेळ दहा ते एक. येथे दही मिळेल. चार दिवस जिच्या तोंडून मी धड दोन वाक्यं ऐकली नव्हती, ती प्रत्येक उर्दू पाटी मोठ्याने वाचत होती आणि मला तिचा अर्थ सांगत होती. ज्या पाट्या मला नुसती नक्षी दिसत होत्या त्या सगळ्या. मग ती म्हणाली, "लड़कियों का हाई स्कूल," आणि मी रिक्षा थांबवली.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या होत्या, माझ्याशी अस्सल ठाण्याकडच्या मराठीत बोलल्या. त्यांनी सोनलला आठवीचं विज्ञानाचं पुस्तक दिलं. सोनलने एक पान वाचलं, मग विचारलं नसताना दुसरं वाचलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आठवीत बसेल. मराठी इथे विषय म्हणून शिकवतोच, तीही येईल. वडिलांना घेऊन या आणि राहत्या जागेचा कागद आणा.

मी इतकी खूश होते की येताना जिलेबी घेतली.

जिलेबी कुणी खाल्ली नाही. प्रेमजी ड्युटीवरून आला, हातपाय धुतले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. मी कारणं दिली. तो नाही म्हणाला. सुनंदाही हळूच म्हणाली की गावात लोक काय म्हणतील, यांच्यासाठी आम्ही धावपळ करायची आणि हे मुलीला उर्दू शाळेत घालणार. मग माझा तोल सुटला. मी मोठ्या आवाजात म्हटलं की मुलीला अक्षर येतं तिथे तिला पाठवायचं नाही, येत नाही तिथे तिसरीत बसवायचं, आणि तुम्ही सगळे मिळून तिचं वर्ष वाया घालवणार. एखाद्या पालकाला ऑफिसच्या खिडकीतून झापावं तसं मी त्या माणसाला त्याच्या घरात बसून झापलं.

माझं बोलून होईपर्यंत तो थांबला. मग हीरांला सोनलला घेऊन बाहेर जायला सांगितलं आणि त्याच्या भावाच्या मुलीबद्दल बोलला. ती शाळेत जात होती, सोनलपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचं काय झालं ते त्याने मला चार-पाच वाक्यांत सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. तिचं नाव आता दुसरं आहे, एवढंच सांगते. शेवटी म्हणाला, "बहनजी, हम इसी लिखावट से निकलकर आए हैं. फिर उसी में छोड़ दूँ?"

मी जिलेबीचा पुडा उचलून सुनंदाच्या घरी आले.

पुन्हा राहनाळ

दुसऱ्या दिवशी निघणार होते. पिशवी भरली होती. सोनल दारात आली आणि विचारलं, हिंदीची अक्षरं किती असतात? तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही चार मोठी माणसं तिच्या शाळेवरून भांडलो, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, तुला कुठे जायचंय? ती म्हणाली, जिथे आठवीत बसता येईल तिथे. उर्दू असो नाहीतर मराठी. "तीसरी में नहीं बैठूँगी."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, थोडं वाचायला लागली तरी बघू. मी बार्शीला फोन करून सांगितलं की अजून आठवडा लागेल.

मी क्लार्क, शिक्षक नव्हे, हे मला पहिल्याच तासाला कळलं. मला येतं ते मला शिकवता येत नाही. सोनल हुशार होती, पण हात उजवीकडून सुरू व्हायचा. काना अक्षराच्या आधी, वेलांटी कुठेही. तिच्या लिपीत अर्धे स्वर लिहितच नाहीत, त्यामुळे ती ते गाळायची आणि माझ्याकडे बघायची, की हे तर समजून घ्यायचं असतं ना? मी म्हणायचे, इथे काही समजून घ्यायचं नसतं, सगळं लिहायचं असतं. 'ळ' तिला लगेच आला, तिच्याकडे तसा आवाज आहे. जोडाक्षरांवर मात्र आम्ही दोघी थकलो. 'क्ष' पाहून ती म्हणाली, हे अक्षर नाही, हे भांडण आहे. एकदा मी वही आपटली. एकदा तिने आपटली. हीरां दोन्ही वेळा ताक घेऊन आली.

त्यातच नवव्या दिवशी सकाळी बीटचा हवालदार मोटरसायकलवरून चाळीत आला. कुणीतरी कळवलं होतं. तो अंगणात उभा राहून विचारू लागला, ही माणसं कोण, कुणाची, कुठली. प्रेमजी कामावर गेलेला. हीरां खोलीत जाऊन दार लावून बसली. मी कागदांची पिशवी घेऊन पुढे झाले, पण माझ्याआधी हरेश्वरभाऊ धोतराचा सोगा सावरत आले. आता हे हात वर करणार, असं मला वाटलं.

"माझी मानसा हायत," ते म्हणाले. "माझ्या चाळीन रव्हतात. काय त्रास हाय तुम्हाला?"

हवालदार म्हणाला, मला त्रास नाही काका, तुम्हाला होईल. परदेशी माणूस ठेवला आणि कळवलं नाही तर तो गुन्हा तुमचा. करार कुठाय? भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नऊ दिवस मी हेच वाक्य त्यांना सांगत होते, शब्दन् शब्द. मी पिशवीतून करार काढला, त्यांनी तिथेच मोटरसायकलच्या सीटवर ठेवून सही केली आणि मला म्हणाले, असं आधी नीट सांगितलं असतंस तर केली असती ना, बाय. मी करार आधी पिशवीत टाकला. बोलले असते तर सही खोडली असती त्यांनी.

दहाव्या दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथे सहा तास गेले. एक झेरॉक्स कमी पडली, मग एक जास्त झाली. पण पोचपावती मिळाली.

दोन शाळा

अकराव्या दिवशी प्रेमजीने सुट्टी घेतली. आम्ही तिघं मराठी शाळेत गेलो. सोनलने वाचनपाठातल्या चार ओळी वाचल्या. हळू, बोट ठेवून, पण वाचल्या. सहा दिवसांत. मला माझाच अभिमान वाटला. मुख्याध्यापकांनी मनापासून शाबासकी दिली, आणि मग टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. पालकांचं संमतीपत्र, म्हणाले. इथे सही करा.

प्रेमजीला ते वाचता येईना. त्याने कागद माझ्याकडे न देता मुलीकडे दिला.

सोनलने बोट ठेवलं. इयत्ता आठवी, एवढं वाचलं. मग थांबली आणि पुढचं एकेक अक्षर जोडत वाचलं. "वि-द्या-र्थि-नी-स. इ-य-त्ता. ति-स-री-च्या. व-र्गा-त." जोडाक्षरं सगळी बरोबर आली. मग ती थांबली. तिला अर्थ कळला होता.

मुख्याध्यापक म्हणाले, फक्त जूनपर्यंत. वाईट माणूस नव्हे तो. वरून तपासणी येते, म्हणाले, मी तरी काय करू. प्रेमजीने पेन टेबलावर ठेवलं, हात जोडले आणि बाहेर आला. शाळेच्या भिंतीपाशी तो थांबला. मी या वेळी तोंड उघडलं नाही, आणि हे मला किती जड गेलं ते माझ्या घरच्यांना कळेल.

"वो दूसरा स्कूल," तो शेवटी म्हणाला. "सिर्फ़ लड़कियों का है?"

मी हो म्हटलं.

भिवंडीत तो मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसायला तयार होईना. उभ्याउभ्याच त्याने विचारलं, मुलीला मी स्वतः सोडीन आणि स्वतः नेईन, चालेल? चालेल, त्या म्हणाल्या. तिच्या धर्माचं कुणी काही बोलणार नाही? इथे सगळ्यांना परीक्षेचं बोलायलाच वेळ पुरत नाही, त्या म्हणाल्या. मग त्याने जे विचारायचं होतं ते विचारलं.

"कोई इसका नाम तो नहीं बदलेगा?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "भाईसाहब," त्या म्हणाल्या, "नाम बदलने के लिए सरकारी गॅझेट लगता है. मुझसे तो स्पेलिंग भी नहीं बदली जाती."

या वाक्यावर हसणारी मी एकटीच होते, कारण त्या खोलीत ते किती खरं आहे हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. प्रेमजी हसला नाही. पण तो खुर्चीवर बसला.

करार, पोचपावती, फोटो, सगळं माझ्याकडे क्रमाने लावलेलं होतं. अर्ज मराठीत होता, तो मी भरला. प्रेमजीने सही केली, उजवीकडून डावीकडे. दुसरी त्याला येतच नव्हती. मग वर्गशिक्षिका आठवीचा हजेरीपट घेऊन आल्या आणि शेवटच्या रेघेवर सोनलचं नाव उर्दूत लिहिलं. प्रेमजीने हात पुढे केला आणि हजेरीपट आपल्याकडे वळवून घेतला.

तो वाचत होता. पहिल्या नावापासून, एकेक नाव, ओठ हलवत, शेवटपर्यंत. या देशात आल्यापासून त्याचे सगळे कागद दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवले होते. जोधपूरच्या बाबूने, सुनंदाने, मी, आणि सकाळी त्याच्या मुलीने. शेवटच्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"एक नुक़्ता ज़्यादा है," तो म्हणाला. "सोनल का सोतल हो गया."

शिक्षिकांनी पाहिलं, सॉरी म्हणाल्या, आणि वरचा एक ठिपका खोडला. मीही चष्मा चढवून वाकून पाहिलं. तीस वर्षं मी हजेरीपटातल्या चुका काढल्या आहेत. मला कुठला ठिपका होता आणि कुठला गेला, काहीही कळलं नाही.